पुराचं तळघर उपसणारा दोन इंची पेट्रोल पंप: गोदाकाठच्या गल्ल्यांसाठी परीक्षण

नाशिकचे सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, कापडपेठ. या पट्ट्यात पुराचं पाणी बऱ्याचदा रस्त्याने येण्याआधी खालून येतं. बाजाराखालून वाहणारा सरस्वती नाला पुढे गोदावरीला मिळतो. नदी फुगली की त्याच्या तोंडाशी पाणी अडतं आणि चेंबरमधून वर उसळतं. 2008, 2016 आणि 2019 चे पूर पाहिलेल्या दुकानदाराला हे सांगायला नको. पाणी ओसरल्यावरचा पहिला दिवस सगळ्यात मोलाचा, आणि नेमकी त्याच दिवशी वीज नसते. पाणी शिरलेल्या भागाचा पुरवठा महावितरण बंद ठेवतं आणि ते योग्यच आहे. म्हणून विजेवरचा मड पंप (गढूळ पाणी उपसणारा) कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं साधन ठरतो. पहिल्या दिवशी उपयोगी पडतो तो दोन इंची पाइपाचा, चार-स्ट्रोक, सेल्फ प्रायमिंग (पाइपातली हवा स्वतःच काढून पाणी धरणारा) पेट्रोल पंप. साचलेल्या पाण्यासाठी तो उत्तम आहे. गाळासाठी तो नाही. आणि इंजिन तळघरात उतरवून चालवण्यासाठी तर अजिबात नाही.

या पंपांच्या पत्रकावर मिनिटाला 600 लिटरच्या आसपास आकडा असतो. तो पाणी जवळजवळ उचलावंच लागत नाही तेव्हाचा. चार-पाच मीटर चढ आणि पुढे पाणी बाहेर सोडणारा 30 मीटर डिलिव्हरी पाइप धरला तर 350 लिटर मिळाले तरी पंप चांगला समजावा. दहा फूट बाय पंधरा फुटांच्या तळघरात चार फूट पाणी म्हणजे 600 घनफूट, सुमारे 17,000 लिटर. म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्त काम. पेट्रोल तासाला साधारण एक ते दीड लिटर लागतं.

सक्शनची, म्हणजे पंप किती खोलवरून पाणी वर घेऊ शकतो याची, मर्यादा मात्र नीट समजून घ्या. पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो. पत्रकात सक्शन सात-साडेसात मीटर लिहिलेलं असतं, पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब तेवढा कमी, त्यामुळे सहा मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये. इंजिनाची ताकदही सहा-सात टक्के कमी पडते. नेहमीच्या तळघराला हे पुरून उरतं; जुन्या वाड्यातल्या खोल आडाला पुरणार नाही.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘पंप पाणी धरत नाही’ ही. दहापैकी नऊ वेळा पंप चांगला असतो आणि सक्शन पाइप हवा घेत असतो. सेल्फ प्रायमिंग म्हणजे कोरडा चालणारा नव्हे. सुरू करण्याआधी वरची टोपी काढून पंपाचं पोट पाण्याने काठोकाठ भरायचं. कोरडा चालवला तर आतलं मेकॅनिकल सील बघता बघता जळतं आणि शाफ्टपाशी गळती सुरू होते. सक्शनला आत कडी असलेला, न चेपणारा पाइपच हवा. डिलिव्हरीचा चपटा निळा पाइप तिथे लावला की तो आतल्या ओढीने चिकटून बंद होतो. जोडाला रबरी वॉशर आहे का पाहा, प्रत्येक टोकाला दोन क्लिपा उलट-सुलट दिशेने आवळा. टोकाची जाळी कधीही काढू नका. साध्या पंपातून साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचे कण जातात, आणि पुराच्या पाण्यात निर्माल्य, गुटख्याच्या पुड्या, चिंध्या, थर्माकोल सगळंच असतं. जाळी प्लास्टिकच्या भाजीच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेटला बाहेरून मच्छरदाणी बांधली तर दर पाच मिनिटांनी उतरून साफ करायची वेळ येत नाही.

पंप रस्त्यावर, सपाट जागी आणि धुराड्याचं तोंड दुकानापासून उलट दिशेला. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. बंद तळघरात तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. याला अपवाद नाही, ‘पाचच मिनिटं’ हासुद्धा नाही. घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांमध्ये आणखी एक अडचण येते: काही इंजिनांत ऑइल कमी झालं की आपोआप बंद होण्याची सोय असते, आणि पंप उतारावर कलता ठेवला की ऑइल पुरेसं असूनही इंजिन बंद पडतं. खाली फळी देऊन लेव्हल करा, लगेच चालू होईल. तळघरात उतरण्याआधी मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद झाला आहे ना, याची वायरमनकडून खात्री करून घ्या. बाहेरची लाइट गेलेली असली तरी इन्व्हर्टरची बॅटरी जिवंत असते.

डिलिव्हरी पाइप दारासमोरच्या चेंबरमध्ये सोडण्याचा मोह टाळा. नाला तुंबलेला असेल तर तेच पाणी शेजारच्या तळघरात निघतं. नदीच्या वरच्या अंगाच्या गंगापूर धरणाचा विसर्ग कमी होऊन, पुराची पातळी ज्यावरून ओळखतात त्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीजवळचं पाणी उतरल्यावरच उपसा सुरू करायचा. त्याआधी जाळलेलं पेट्रोल वाया. पाइप रस्ता ओलांडत असेल तर त्यावरून गाडी जाऊ देऊ नका. पाणी एकदम अडलं की उलटा धक्का थेट पंपाच्या ओतीव बॉडीवर बसतो आणि ती तडकते.

पाऊण तासात तळघर रिकामं करता येतं, पण करू नये. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंती दगड, वीट आणि माती-चुन्याच्या. पूर ओसरला तरी बाहेरची माती चिंब असते. आत-बाहेर पाणी सारखं असेपर्यंत भिंत तोलून राहते. आतलं एकदम काढलं की चार फूट पाण्याचा दाब एका बाजूने येतो. दर मीटर लांबीच्या भिंतीवर तो सुमारे 700 किलोचा रेटा असतो, मातीचं वजन वेगळंच. म्हणून आधी एक फूट उपसा, भिंतीवर खडूने खूण करा, रात्रभर थांबा. पाणी खुणेच्या वर चढलं तर बाहेरची पातळी अजून खाली गेलेली नाही. थांबा, दुसऱ्या दिवशी पाहा. चढलं नाही तर पुढचा फूट. भिंत फुगलेली दिसली किंवा नवीन भेग पडली तर पंप बंद करून माणसं बाहेर. आरसीसी इमारतीतही फरशी खालून उचलली जाते, तिथेही घाई नको.

शेवटचे दोन-तीन इंच हा पंप उचलत नाही. जाळी उघडी पडते, हवा शिरते, ओढ तुटते. कोपऱ्यात फुटभर खोल खड्डा असलेलं तळघर इथे फायद्यात राहतं. नसेल तर वीज परत आल्यावर तळाशी पाणी घेणारा छोटा सबमर्सिबल लावा. जनरेटरवर चालवणार असाल तर एक एचपीच्या मोटारीला सुरुवातीचा झटका पेलण्यासाठी अडीच-तीन केव्हीएचा सेट लागतो.

आता गाळ. गोदेचा गाळ बारीक आणि चिकट. पाणी काढून दोन दिवस सोडला की सिमेंटसारखा धरतो. पाणी तळाशी असतानाच फावडं आणि घमेल्याने काढायला घ्या, आणि हातमोजे-गमबूट घालूनच. या पंपाने गाळ ओढायला गेलात तर इंपेलर (आतला फिरता पंखा) घासतो आणि पुढच्या वर्षी दाब निम्मा. गाळासाठी ट्रॅश पंप वेगळा मिळतो, त्यातून वीस मिलिमीटरच्या आसपासचे कण जातात. तो जड आणि महाग आहे, पण चिंध्या-पिशव्यांच्या भागात पैसे वसूल होतात. भिंती, शटर, रॅक धुवायला मात्र आपल्या जिल्ह्यातलं उत्तम साधन म्हणजे द्राक्षबागेतला जोराच्या दाबाचा एचटीपी फवारणी पंप आणि त्याची गन. निफाड-दिंडोरीकडे ओळख असेल तर हक्काने मागवा. टाकी आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, औषधाचा अंश राहतो. मातीच्या गिलाव्यावर जोराची धार मारू नका.

काम संपल्यावर पंपातून दहा मिनिटं स्वच्छ पाणी फिरवा आणि खालचा बोल्ट काढून पोट रिकामं करा. हा पंप दरवर्षी बंद पडतो तो पुरात नव्हे, घरी ठेवल्या ठेवल्या. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओल लागते, कार्ब्युरेटरमध्ये पाणी वेगळं होऊन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) चोंदतो. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकाम्या करूनच ठेवा. मे अखेरीस नवीन पेट्रोल घालून, बादलीत सक्शन सोडून दहा मिनिटं चालवा. आणि ठेवायची जागा तळघर नको, माळा.

एकट्या दुकानाने विकत घेण्यापेक्षा आठ-दहा दुकानांनी मिळून एक घ्यावा. सराफ बाजारासारख्या गल्लीत हेच परवडतं आणि शेजारधर्मही टिकतो. नामांकित कंपनीचं इंजिन महाग पडतं, पण दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू होणं आणि सुटे भाग गावात मिळणं या दोन गोष्टींसाठी तेच घ्या. बिननावाच्या पंपात सहसा बॉडीआधी सील आणि स्टार्टरची दोरी जाते. सोबत एक जादा सील, वॉशरचा संच, स्पार्क प्लग, सहा क्लिपा आणि इंजिन ऑइल पेटीत ठेवा. भाड्याने घेणार असाल तर दुकानासमोरच ड्रममध्ये सक्शन टाकून पाणी उचलून दाखवायला सांगा. पोट भरल्यावर दोन-तीन मिनिटांत धार आली नाही तर तो पंप घेऊ नका.