एकच सर्व्ह घोटायची, मिक्स करायची की पोराप्रमाणे बदलायची?

बॅडमिंटनची बॅच बघताना आपण फी विचारतो, कोर्ट घरापासून किती लांब ते बघतो, पण प्रॅक्टिस कशी घेतात ते कोण बघतंय? सर्व्हचंच घ्या.

बऱ्याच ठिकाणी एकच सर्व्ह घोटून घेतात, आधी सगळ्या शॉर्ट (नेटच्या जरा पलीकडे पडणारी), मग लाँग (उंच, पार मागे जाणारी), मग ड्राइव्ह (सपाट, जोरात). बघायला एकदम भारी, थोड्याच वेळात शटल नेटला घासून जायला लागतं आणि आईबाप खूश. पण तीच तीच सर्व्ह मारताना डोक्याला काही ठरवावंच लागत नाही, हात मागचंच परत करत राहतो, आणि मॅचमध्ये तर एक शॉर्ट मारली की पुढची परत शॉर्टच असेल असं थोडीच आहे.

मिक्समध्ये तिन्ही आलटून पालटून. गुड आणि मॅगिल या संशोधकांनी 1986 मध्ये याच तीन सर्व्ह नवशिक्यांना शिकवून बघितल्या, तर नंतरच्या टेस्टमध्ये मिक्सवाले पुढे, कोर्टच्या दुसऱ्या बाजूने मारायला लावल्या तरी तेच पुढे. तोटा एवढाच की प्रॅक्टिस चालू असताना हे जाम खराब दिसतं, त्यामुळे पालक आधी वैतागतात. आणि अगदी लहान पोरांना याचा इतका फायदा दरवेळी दिसलेला नाही, ज्याचं शटल अजून रॅकेटलाच लागत नाही त्याला मिक्स देऊन काय करणार!

म्हणून मला तिसरं पटतं, पोराप्रमाणे. ग्वाडान्योली आणि ली या संशोधकांनी 2004 मध्ये मांडलं ते साधारण हेच, की ड्रिल अवघड की सोपं हे शिकणाऱ्यावर ठरतं. कोर्टवर कसं, तर ती सर्व्ह जिथे पडायला हवी तिथे टॉवेल टाकायचा, शॉर्टसाठी पलीकडच्या कोर्टात नेटजवळची जी रेघ असते (शॉर्ट सर्व्हिस लाइन) तिच्या जरा पलीकडे, शटल टॉवेलवर पडलं की पुढची सर्व्ह वेगळी, नाही पडलं की तीच परत. सलग बरीच पडायला लागली की टॉवेलची घडी घालून छोटा करायचा. फक्त एका कोचकडे वीस पोरं असली तर हे नुसतं बोलायला, जोड्या लावून पोरांनाच एकमेकांचं बघायला लावत असतील तर जमतं.

अगदी नवीन पोर असेल तर सुरुवातीला घोटून घेणारी बॅच चालेल, रॅली करता येत असेल तर मिक्स घ्या. पोराप्रमाणे बदलणारा कोच परवडत असेल तर विचारूच नका, पण ट्रायलच्या दिवशी नवीन आणि जुन्या पोरांना तो एकच ड्रिल देतोय का तेवढं बघा. आणि सर्व्ह खरंच बसलीये का ते क्लास सुटताना नाही, पुढच्या वेळी गेल्या गेल्या पहिल्या चार-पाच शटलमध्ये कळतं.