रेणापूर नाक्याकडचं बिनपाटीचं गॅरेज: गिअर कधी पडायचा, कधी अडायचा

मार्चअखेरीला लातूरच्या गंजगोलाईत भर दुपारी माझी गाडी अडकली. समोर हातगाडा, मागे टेम्पो, आणि रिव्हर्स पडेना. क्लच पार तळाला दाबलेला, तरी दांडा खर्रर्र करून परत न्यूट्रलला यायचा. टेम्पोवाला भला माणूस, चार हात मागे सरला. शेवटी इंजिन बंद केलं, रिव्हर्स टाकला आणि चावी फिरवली. क्लच दाबलेला असूनही गाडी गचका देऊन मागे सरकली. घाम फुटला मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी औशाहून निघाले तर पाचही गिअर लोण्यासारखे!

असं महिनाभर चाललं. डिझेल गाडी, 2014 ची, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेले. एसी वेटिंग रूम असलेल्या एका मोठ्या सेंटरला सकाळी 10 वाजता नेली. मुलाने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, गाडी ओके आहे." दुसऱ्यांदा गेले तेव्हा बॉनेटही न उघडता पूर्ण क्लच सेटचा अंदाज हातात ठेवला, 13,800 रुपये. आणखी एकाने गिअर ऑइल बदलून दिलं. फरक शून्य.

मग बँकेतल्या आमच्या शिपाईमामांनी रेणापूर नाक्याकडच्या उस्तादांचं गॅरेज सांगितलं. पाटी नाही. टायरच्या दुकानामागे पत्र्याचं शेड, बाहेर लिंबाचं झाड, तिथे विचारायचं.

उस्तादांनी गाडीला हात लावायच्या आधी मलाच विचारायला सुरुवात केली. सगळे गिअर अडतात की एकच? सकाळी की दुपारी? इंजिन बंद असताना पडतात का? चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असं होतं का? मांजरसुंब्याचा घाट मी चार माणसं घेऊन चढलेली, तिथे काही त्रास नव्हता, ते सांगितलं. ते म्हणाले, "एकच गिअर खरखर करत असता तर मी आतलं बघितलं असतं. तुमचे तर सगळेच अडायलेत, तेही गाडी गरम झाल्यावर. आज गाडी थंड आहे, आज मी काय सांगू? आठ दिवस लिहून ठेवा. मग दुपारी तीनला या, गोलाईतून फिरवून आणा."

मी खरंच लिहिलं. डेपॉझिटच्या जुन्या स्लिपांच्या पाठीवर. आठ दिवसांत अकरा वेळा अडला, त्यातला सकाळी एकदाही नाही.

त्या दुपारी गाडी अडत असतानाच शेडमध्ये आणली. आधी त्यांनी पायाखालची मॅट ओढून काढली. मॅट गोळा झाली तर क्लच तळाला जातच नाही, म्हणून तिथून सुरुवात. मग इंजिन बंद करून सगळे गिअर टाकले, मऊ पडले. इंजिन चालू केलं, अडले. क्लच तीन वेळा भराभर मारून लगेच टाकायला लावला, पडला! तिथेच त्यांनी मान हलवली. दांडा, केबल, गिअरबॉक्स ठीक. या गाडीचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. तो पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, आणि पंप केल्यावर सुटतो, म्हणजे गडबड तेलाच्या दाबात.

पुढचं मी वाकून स्वतः बघितलं. पेडल दाबून धरायला माझ्या जागी उस्ताद बसले. खाली पोरगा टॉर्च आणि शाळेची प्लॅस्टिकची पट्टी घेऊन. क्लच दाबला की तेलाच्या दाबाने खालच्या सिलेंडरचा रॉड बाहेर येऊन क्लच सोडवणाऱ्या काट्याला ढकलतो. रॉड आला बाहेर. आणि उस्तादांचा पाय तसाच दाबलेला असताना तो हळूहळू परत आत जायला लागला, अर्धा मिनिटही नाही लागला. कुठे तेलाचा थेंब नाही, खालचं रबर कोरडं, वर पेडलपाशीही कोरडं. वरच्या मास्टर सिलेंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल खाली ढकलणाऱ्या सिलेंडरचं, आतलं रबरी सील दाब धरत नव्हतं. गाडी तापली, तेल पातळ झालं की सील दाब सोडायचं. सकाळी धरायचं.

क्लचचं तेल काढलं तर कोऱ्या चहासारखं काळं. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलायला हवं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ब्रेकचं तेलही त्याच डब्यातून येतं, म्हणून तेही बदलून घेतलं. नुसतं सीलचं किट टाकलं असतं तर स्वस्तात झालं असतं. पण सिलेंडर उघडून त्यांनी आतून माझं नख फिरवायला लावलं. ओरखडा नखाला लागत होता. "किट चार महिन्यांत खाईल हे," म्हणाले. नवा सिलेंडर, तेल, तेलात अडकलेली हवा काढणं, मजुरी धरून 2,650 रुपये. जुना सिलेंडर पिशवीत घालून दिला.

तक्रारी आहेतच. दोन दिवस सांगून चार दिवस लावले. फोन उचलत नाहीत. बसायला एक स्टूल, तेही उन्हात, आणि बायकांसाठी काहीच सोय नाही. बिल मागितल्यावर वहीचा कागद फाडून देतात. गाडी वॉरंटीत असेल तर इथे उघडायला देऊ नका, आणि ऑटोमॅटिक ते घेतच नाहीत.

मे महिना गेला, 42 अंशांतही गिअर अडला नाही. गोलाईत आता रिव्हर्स टाकताना हात थरथरत नाही. ज्यांची गाडी मेकॅनिकसमोर नेमकी गुणी होते, त्यांनी तक्रार वेळेसकट लिहून न्यावी, उस्ताद प्रत्येक ओळ वाचतात. शुक्रवारी दुपारी शेड बंद असतं.