फाइलचा प्रकार ओळखायचा: इफ-एलिफ, डिक्शनरी की तयार मॉड्यूल?

नावाच्या शेपटावरून फाइलचा प्रकार सांगा, हे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्याच्या वाट्याला हमखास येणारं कोडं. हार्वर्डच्या सीएस५० च्या पायथन कोर्समध्येही ते आहे: ७ एक्स्टेन्शन, म्हणजे टिंबानंतरची शेपटं, ओळखायची, बाकी सगळ्याला 'ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम', म्हणजे प्रकार ठाऊक नसलेली फाइल, म्हणायचं. आमच्या मालवणातली शिकणारी पोरं लगेच विचारतात, इफ-एलिफ (एकामागून एक अटी) लिहू की डिक्शनरी (शेपूट आणि प्रकार यांच्या जोड्यांचा कोश)?

सातच प्रकार असतील तर इफ-एलिफने काही बिघडत नाही. वाचायला सोपं, चूक कुठे झाली तेही पटकन दिसतं. पण काही कोड्यांत एक्स्टेन्शन-प्रकाराच्या जोड्या इनपुटमधूनच येतात, तिथे इफ-एलिफचा निकालच लागला. जोड्या लिस्टमध्ये ठेवल्या आणि १० हजार जोड्या, १० हजार फाइली असल्या, तर १० कोटी तुलना होऊ शकतात; कोड्याला दिलेला वेळ संपतो. डिक्शनरी थेट उत्तर देते, आणि तिच्यात शोधणाऱ्या 'गेट'ला, न सापडल्यास द्यायची म्हणून, दुसरी किंमत दिली की अनोळखी फाइलचीही सोय होते. जेपीजी आणि जेपीईजी, दोघांपुढे 'इमेज/जेपीईजी' लिहायचं, बस्स.

खरी गोची नाव तोडण्यात आहे. होमस्टेवाल्यांच्या फोल्डरमध्ये असतात तशी नावं घ्या. 'सिंधुदुर्ग.किल्ला.जेपीजी' हे टिंबावर 'स्प्लिट' करून दुसरा तुकडा घेतला, तर हाती 'किल्ला' येतो. शेवटचा तुकडा घेतला तर हे सुटतं, पण टिंबच नसलेली, नुसती 'पीडीएफ' नावाची फाइलही पीडीएफ ठरते. नाव कशाने संपतं ते तपासणाऱ्या 'एंड्सविथ'ला टिंबासकट शेपूट दिलं तर दोन्ही नावं बरोबर सुटतात. नाव आणि एक्स्टेन्शन वेगळं करणारं पायथनचं तयार फंक्शन 'स्प्लिटएक्स्ट'ही शेवटच्या टिंबावर तोडतं, फक्त '.पीडीएफ' एवढंच नाव असेल तर त्याला एक्स्टेन्शन मानत नाही. तुमच्या कोड्याला तिथे काय हवंय ते नीट वाचा. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंचं शेपूट बऱ्याचदा कॅपिटलमध्ये असतं. म्हणून आधी 'स्ट्रिप'ने कडेच्या मोकळ्या जागा काढा, मग 'लोअर'ने अक्षरं स्मॉल करा. बरेच लोक इथेच अडकतात.

पायथनचं 'माइमटाइप्स' मॉड्यूल एका ओळीत काम करतं, पण अनोळखी शेपटाला 'नन' (म्हणजे काहीच नाही) देतं आणि विंडोजवर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे त्या मशीनच्या सेटिंग्जच्या, नोंदीही बघतं, म्हणून उत्तर मशीनगणिक बदलू शकतं. कामाच्या स्क्रिप्टला चालेल. शिकताना नको, कारण कोड्यातलं जे शिकायचं तेच ते उरकून टाकतं.

माझं मत विचाराल तर डिक्शनरी आणि 'स्प्लिटएक्स्ट' ही जोडी घ्या. '.पीडीएफ'सारखं नाव कोड्यात असेल तर 'आरफाइंड'ने शेवटचं टिंब स्वतः शोधा. पाहुण्याने पीडीएफचं नाव बदलून जेपीजी केलं असेल, तर मात्र यातलं काहीच कामाचं नाही. त्यासाठी फाइल उघडून तिच्या सुरुवातीच्या बाइट बघाव्या लागतात.