त्स्विकाऊचं ऑगस्ट हॉर्श म्युझियम: चार कडी जिथे जुळली

ऑडीचं म्युझियम म्हटलं की लोक इंगोलश्टाटला जातात. जावं, काही बिघडत नाही. पण ही कंपनी झाली कशी हे ज्याला बघायचंय, त्याने जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातलं त्स्विकाऊ गाठावं. आमची लेक केम्निट्झला असते, तिथून ट्रेनने हे गाव जवळच. म्युझियम जुन्या ऑडी कारखान्यातच आहे आणि माझ्या मते निम्मी मजा त्यातच आहे. टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला शोरूमच्या फरशीपेक्षा कारखान्याची फरशी जास्त सांगून जाते.

जाण्याआधी थोडा इतिहास डोक्यात ठेवा, नाहीतर नुसत्या सुंदर गाड्या बघून परत याल. ऑगस्ट हॉर्शने १८९९ मध्ये कोलोनला कंपनी काढली आणि १९०४ मध्ये ती त्स्विकाऊला आणली. १९०९ मध्ये स्वतःच्याच कंपनीत भांडण होऊन बाहेर पडला आणि त्याच गावात दुसरी कंपनी काढली, तीच ऑडी. म्हणजे एकाच माणसाच्या दोन कंपन्या एकाच गावात एकमेकींच्या समोर उभ्या! दुसरीकडे चोपाऊला रासमुसेन नावाचा डेन्मार्कचा गडी डीकेडब्ल्यूच्या मोटारसायकली बनवत होता आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस त्यात जगात पहिल्या नंबरावर पोचला होता. अंगात भलता उत्साह. अमेरिकेतल्या बुडालेल्या रिकनबॅकर कंपनीची इंजिनाची मशिनरी विकत घेतली, १९२८ मध्ये ऑडीही घेतली. सगळं बँकेच्या पैशावर. मग मंदी आली.

१९३२ च्या जूनमध्ये डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि ऑडी एकत्र झाल्या, व्हांडरर कंपनीचा मोटारविभाग त्यांना जोडला आणि ऑटो युनियन उभी राहिली. ऑडीच्या चिन्हातली चार कडी ती हीच. ऐकायला मोठं भव्य वाटतं, पण ही सोयरीक सॅक्सनीच्या सरकारी बँकेने जुळवली, कारण तिचे पैसे यांच्यात अडकले होते. एकेक कंपनी बुडू दिली असती तर बँकेचंच दिवाळं वाजलं असतं. रासमुसेनचं पुढे नव्या साहेबांशी पटलं नाही आणि १९३४ च्या शेवटी त्यालाच घरी बसवलं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांचं राजकारण ज्याने जवळून पाहिलंय, त्याला हे फार समजावून सांगायला नको.

आता गाड्या. आठ सिलिंडरच्या हॉर्श म्हणजे थाट! लांबच लांब बॉनेट, क्रोम, कातडी सीट. पोरं-टोरं तिथेच फोटो काढत उभी असतात. नातवाला ओढून पुढे न्यावं लागलं. मी मात्र डीकेडब्ल्यूच्या छोट्या गाडीपाशी रेंगाळलो. १९३१ चं एफ-वन मॉडेल बघा: पुढे आडवं बसवलेलं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ओढ पुढच्या चाकांना. बॉडी पत्र्याची नाही. लाकडाची चौकट, त्यावर प्लायवूड आणि वरून कृत्रिम कातडं ताणून बसवलेलं. पत्र्याचे प्रेस, डाय (पत्रा दाबायचे साचे) हा सगळा खर्चच वाचवला. ज्याने एक डाय बनवायला काय पैसा लागतो ते पाहिलंय, तो ह्या युक्तीला सलामच करेल. असल्या पुढच्या चाकांच्या डीकेडब्ल्यू युद्धाआधी अडीच लाखांच्या वर खपल्या. नाव हॉर्शचं गाजलं, पण चूल डीकेडब्ल्यूने पेटती ठेवली.

रेसिंगवाल्यांसाठी ऑटो युनियनच्या चांदीच्या रंगाच्या ग्रां प्री गाड्यांची गोष्ट आहेच: फेर्डिनांड पोर्शची रचना, ड्रायव्हरच्या पाठीमागे सोळा सिलिंडरचं इंजिन, आणि त्यांचा ड्रायव्हर बेर्न्ट रोझेमायर, जो जानेवारी १९३८ मध्ये वेगाच्या विक्रमाच्या नादात हायवेवर अपघातात मेला. पैसा नाझी सरकारचाही होता हे विसरू नका. पुढे युद्धात ह्याच कंपनीने छळछावण्यांतले कैदी हजारोंनी राबवले. ऑडीने स्वतः इतिहासकारांकडून ते तपासून घेतलं, २०१४ मध्ये अहवाल आला. तो भाग घाईत ओलांडू नका.

मला सगळ्यात भावला तो युद्धानंतरचा भाग. रशियनांनी कारखान्यांतली यंत्रं उचलून नेली, १९४८ मध्ये केम्निट्झच्या जुन्या ऑटो युनियन कंपनीचं नाव नोंदणीतून खोडलं गेलं. काही मंडळी बव्हेरियात इंगोलश्टाटला गेली, स्पेअर पार्टचं कोठार उघडलं आणि १९४९ मध्ये नवी ऑटो युनियन काढली. ती १९५८ मध्ये डाइमलर-बेंझकडे गेली, मग फोक्सवॅगनकडे. १९६९ मध्ये एनएसयू ही दुसरी मोटार कंपनी जोडली गेली आणि पाटी झाली ऑडी एनएसयू ऑटो युनियन. ऑडी एवढंच नाव उरलं ते १९८५ मध्ये. रवी शास्त्रीने मेलबर्नला ऑडी १०० जिंकली आणि अख्खी टीम तिच्या टपावर चढली, तेच हे वर्ष!

आणि त्स्विकाऊत काय उरलं? ट्राबांट, पूर्व जर्मनीची छोटी गाडी! इथे एका छपराखाली ते चटकन पटतं: दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, आडवं, पुढच्या चाकांना ओढ. १९३१ च्या डीकेडब्ल्यूचाच संसार. पत्रा मिळेना म्हणून बॉडीला ड्युरोप्लास्ट, म्हणजे कापसाचा टाकाऊ भाग आणि रेझिन एकत्र दाबून केलेलं पॅनल. गाडीत पेट्रोल ओढणारा पंप नाही. टाकी इंजिनाच्या वर, पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं. पेट्रोल किती उरलंय ते पट्टी बुडवून बघायचं. आमच्या येझदीलाही ऑइल मिसळूनच पेट्रोल लागायचं, त्यामुळे कार्बोरेटरपाशी वाकलो तेव्हा लेकीने हात धरून मागे घेतलं. तीस लाखांवर ट्राबांट बनवून ३० एप्रिल १९९१ ला लाइन बंद झाली. शेवटी शेवटी त्यात फोक्सवॅगनचंच इंजिन बसवत होते.

ज्यांना फक्त आजच्या ऑडी बघायच्या आहेत त्यांनी हा फेरा मारू नये, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली गाडी डीलरकडे बघावी. बाकीच्यांनी अर्धा दिवस मोकळा ठेवा, तिथेच हॉर्शचा बंगलाही आहे. सोमवारी बंद असतं.