बर्डीतला ‘सीलबंद’ कॅमेरा आणि माझे ३३,५०० रुपये

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून नवा म्हणून घेतलेला माझा कॉम्पॅक्ट कॅमेरा वापरलेला, परदेशी बाजारासाठीचा आणि पुन्हा खोक्यात भरलेला निघाला. कॅमेऱ्याचे ३१,५००, मेमरी कार्डाचे १,४०० आणि पिशवीचे ६००, असे ३३,५०० रुपये गेले. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण पक्के बिल माझ्याकडे नाही आणि तोच दुकानदार उद्या माझ्यावर बदनामीचा दावा ठोकायचा.

मी अडाणीपणाने खरेदी केली, असे कोणी समजू नये. मेगापिक्सेलच्या आकड्याला मी भुलले नव्हते. रोजच्या वापरासाठी, घरातल्या अपुऱ्या उजेडातही बरे फोटो यावेत म्हणून एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) हवा आणि झूम डिजिटल (नुसता फोटो कापून मोठा करणारा) नव्हे तर ऑप्टिकल (लेन्सने दृश्य जवळ आणणारा) हवा, एवढे मी ठरवूनच गेले होते. मात्र खोके कसे तपासायचे, हे कोणी सांगत नाही. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावीच लागते. ती पट्टी नसेल तर तिथूनच परत फिरावे. माझ्या खोक्यावर ती नव्हती. “गोदामात निघाली असेल,” असे उत्तर मिळाले.

त्याहून जिव्हारी लागते ती पुढची गोष्ट. दुकानदाराने कोरे कार्ड घालून माझाच फोटो काढला आणि पडद्यावर फाइलचा क्रमांक आला ४१८७. अनेक कॅमेऱ्यांत कार्ड बदलले तरी क्रमांक मागून पुढे चालू राहतात, हे मला ठाऊक होते. मी विचारलेही. “मॅडम, कंपनी टेस्टिंग करूनच पाठवते,” तो म्हणाला. चार हजार फोटोंचे टेस्टिंग! पण दिवाळीची गर्दी, मागून धक्के, आणि ५,००० रुपये आधीच यूपीआयने गेलेले, तेही दुकानाच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या खात्यात. उरलेले रोख दिले. (हा क्रमांक पुन्हा शून्यावर आणता येतो, म्हणून ०००१ दिसला तरी निर्धास्त होऊ नका.)

लेन्स बाहेर येऊन अडकली, तेव्हा सेवा केंद्राने हा अनुक्रमांक भारतात विकलेल्या मालाचा नसल्याने वॉरंटी लागू नाही, असे सांगितले. पैसे देण्यापूर्वी खोके, कॅमेरा आणि वॉरंटी कार्ड या तिन्हींवरचा अनुक्रमांक जुळवा.

दुकानदाराने “एस्टिमेट” लिहिलेली चिठ्ठी दिली होती. पोलीस ठाण्यात ती पाहून हा दिवाणी मामला असल्याचे सांगण्यात आले, आणि वर शिकल्यासवरल्या बाईला पक्के बिल मागता येत नाही का, हेही ऐकवले गेले. दुसऱ्या एका कार्यालयात बिलाशिवाय अर्जच घेतला नाही. म्हणजे ज्याने बिल दिले नाही तो बिल नाही म्हणून सुटतो, जिला ते नाकारले ती बिल नाही म्हणून दाराबाहेर उभी राहते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, हे टेबलापलीकडच्या माणसाला मी वाचून दाखवायचे! जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. यूपीआयच्या नोंदीवर मी ती तक्रार दाखल करत आहे.

कार्डाच्या १,४०० रुपयांचे तर कोणी ऐकूनही घेत नाही. ते १२८ जीबी दाखवते आणि आठ जीबीनंतरचा एकही फोटो उघडत नाही. नवे कार्ड आधी पूर्ण भरून पाहा, आणि लग्नकार्यात तर ते पहिल्यांदा मुळीच वापरू नका.