पॉइंट टू-टूची मॅच रायफल आणि घासलेला नंबर

५० मीटर नेमबाजीसाठी जुनी रायफल घ्यायच्या विचारात असलेल्या विदर्भातल्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे शेवटपर्यंत वाचावं. माझे एक लाख साठ हजार गेले. ते दुःख आहेच, पण त्याहून मोठं संकट अगदी दारापर्यंत येऊन परत गेलं, आणि मी लिहितोय ते त्यासाठी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. घरी कापूस, तूर, थोडं सोयाबीन. एअर रायफलवर शिकलो आणि आता ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून, मारतो. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) कांस्यपदक घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा पोरगा तिथवर गेला म्हटल्यावर आमच्याकडच्या पोरांनाही हुरूप आला. फसवणारे याच हुरूपावर डोळा ठेवून असतात.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दहा मीटरची एअर रायफल ०.१७७ बोअरची (नळीच्या भोकाचा व्यास, इंचात) आणि छर्‍याची ऊर्जा २० जूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. ५० मीटरला ०.२२ बोअरची (पॉइंट टू-टू), खरी काडतुसं उडवणारी रायफल लागते. तिला शस्त्र परवाना हवाच. ५० मीटरवरचा दहाचा गोल असतो १०.४ मिलीमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. क्लबची रायफल सगळे वापरतात. दर वेळी गालाची पट्टी, बटची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) लांबी, साईट (नेम धरायचं साधन) सगळं नव्यानं बसवावं लागतं, आणि तेवढ्या फरकानं गोळी आठात जाते. म्हणून स्वतःची रायफल हवी. परदेशी बनावटीची नवी मागवायची तर ती मुभा नामांकित नेमबाजांना आणि रायफल क्लबांनाच, तीही क्रीडा खात्याच्या शिफारशीवर. माझ्यासारख्यापुढे उरते कुणाची तरी वापरलेली रायफल.

माझा परवाना मंजूर झाला होता. शस्त्र कधीपर्यंत घ्यायचं ती मुदत त्यावर लिहिलेली असते. एका स्पर्धेत एक माणूस भेटला, बोलायला गोड, सगळ्या सरांना नावानं ओळखणारा. एक जुने राष्ट्रीय नेमबाज खेळ सोडताहेत, त्यांची अँशुट्झ १९१३ (जर्मन बनावटीचं स्पर्धेच्या रायफलीचं मॉडेल) आहे, म्हणाला. फोटो पाठवले. व्हिडिओ कॉलवर रायफल दाखवली. त्या नेमबाजाच्या परवान्याची म्हणून एक प्रतही पाठवली. मग रोज फोन. "भाऊ, माल एकच हाय अन् गिऱ्हाईक तीन उभे हायत. तुमच्या लायसनची तारीख संपून राहिली, मंग काय करान?" माझी मुदत त्याला तोंडपाठ होती, कारण माझ्या परवान्याची प्रत त्यानं "नाव नोंदवायला" म्हणून सुरुवातीलाच मागून घेतली होती. आपली प्रत अशा माणसाच्या हाती गेली की तो आपल्या घाईवरच भाव लावतो.

टोकन म्हणून साठ हजार यूपीआयवर गेले. नंतर "बोअर तपासणी", "एनओसीचा खर्च" असं करत एक लाख रोख. कापसाचे पैसे नुकतेच आले होते, बाबांनी ते मोजून माझ्या हातात दिले.

रायफल बघायला दिग्रसच्या एका लॉजवर बोलावलं. सोबत गावातला मित्र होता, त्याचं लेथचं दुकान आहे. पेटी उघडली. ॲल्युमिनियमचा स्टॉक, खालीवर होणारी गालपट्टी, बटला हुक, सगळं अगदी मॅच रायफलसारखं, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीसारखं. मी गुडघ्यावर बसून ती गालाला लावली आणि थांबलो. नळी हलकी होती. मॅच रायफलची नळी जाड, वजनदार असते, ते वजन पुढच्या हाताला लगेच कळतं. मागची साईट सरकवून बसवायची खाच असते, तिच्या जागी भोकं पाडून स्क्रूनं पट्टी आवळली होती. ट्रिगर दाबला तर खडखडीत. माझ्या मते साध्या देशी स्पोर्टिंग रायफलीची नळी आणि बोल्ट उचलून वर महागडा दिसणारा साचा चढवला होता.

तोवर मित्रानं मोबाईलचा टॉर्च लावून रिसीव्हरवर (नळीमागच्या मुख्य धातूच्या भागावर) कोरलेला नंबर शोधला. बोटानं चाचपला, तिरप्या उजेडात पाहिला. मग त्या माणसासमोरच म्हणाला, "भाऊ, हे ग्राइंडर मारून मंग पंच केलं हाय. खालच्या रेघा पाय." नंबरच्या आजूबाजूचा काळा रंग बाकीच्या रंगाहून वेगळा होता आणि आकडे एका रेषेत नव्हते. पाठवलेल्या परवान्यातल्या नंबरशी शेवटचे दोन आकडे जुळत नव्हते. त्या प्रतीवर यूआयएनही (परवानाधारकाचा एकमेव ओळख क्रमांक) नव्हता, आणि आज यूआयएनशिवाय परवाना ग्राह्य धरत नाहीत.

तो शांतपणे म्हणाला, "कागदं मागून येतीन, तुमी आज घेऊन तं जा."

आम्ही रायफल जशीच्या तशी पेटीत ठेवली आणि निघालो. ती घेऊन एसटीत बसलो असतो तर काय झालं असतं, ते घरी आल्यावर एका वकिलाकडून कळलं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा नंबर खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहेच, शिवाय असं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानंच ते खोडलं असं गृहीत धरलं जातं. आपण केलं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे माझे पैसे घेऊन तो मोकळा आणि मी आत. शेतकऱ्याच्या पोराचा खेळ, नोकरी, पासपोर्ट, सगळं त्या एका नंबरवर संपलं असतं. आमच्याकडे डुकरं-रोही हाकलायला पीक संरक्षणाचा परवाना असलेले पुष्कळ जण आहेत. त्यांनाही हा माणूस "त्याच लायसनवर चढवून देतो" असं सांगतो, हे मला नंतर दोघांकडून कळलं. परवाना ठरलेल्या प्रकारच्या शस्त्रापुरताच असतो, वाटेल ते त्यावर चढत नाही.

खरा व्यवहार सावकाश होतो आणि तो सावकाशच व्हायला हवा. खासगी मालकानं स्वतःचं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. जो आजच घेऊन जा म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलूच नये. विक्रेत्याचा मूळ परवाना हातात घ्या, त्यातला नंबर शस्त्रावरच्या नंबराशी स्वतः जुळवा, आणि एक रुपया देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जाऊन विचारा. मी गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी मुदतवाढीचा अर्जही करता येतो हे सांगितलं. त्या माणसाची सगळी घाई ज्या तारखेवर उभी होती, ती तारीख वाढू शकत होती.

यूपीआयच्या पैशांसाठी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला. रक्कम पुढच्या खात्यात गेली होती, थोडी तिथे गोठली, बाकी निघून गेली. रोख एक लाखाचा माग नाही. लॉजवरच्या भेटीची लेखी तक्रार पोलिसांत दिली आहे, आणि नंबर घासलेलं शस्त्र पाहिल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. फोटो, चॅट, व्हिडिओ कॉलची वेळ, सगळं जोडलं. असा कुणी तुम्हाला भेटला असेल तर तुमच्या ठाण्यात वेगळी तक्रार द्या आणि पैसे गेले नसले तरी द्या. तो दर वेळी फोन नंबर आणि गाव बदलतो, पण रायफलीची पेटी तीच फिरवतो: काळी, कुलपाजवळ एक पिवळं स्टिकर अर्धवट खरवडलेलं.