एक्स्टर्नल डिस्क माउंट-अनमाउंट करणाऱ्या स्क्रिप्ट: काही महिने वापरल्यावर

डिस्क माउंट करणारी, म्हणजे तिच्यातल्या फाइल एखाद्या फोल्डरमध्ये दिसायला लावणारी, स्क्रिप्ट आठ-दहा ओळींत होते. डिस्क अनमाउंट करून काढायची स्क्रिप्ट मात्र माझ्याकडे महिन्यागणिक लांबत गेली, आणि आता विचाराल तर खरी कामाची तीच. पहिली नसती तरी फारसं अडलं नसतं. डेस्कटॉप असलेल्या लिनक्सवर गनोम काय किंवा केडीई काय, डिस्क लावली की फाइल मॅनेजरमधून एका क्लिकवर माउंट होते.

माझ्याकडे डेस्कटॉप नाही, हीच अडचण होती. घरातला एक जुना कॉम्प्युटर मॉनिटरशिवाय सतत चालू असतो आणि त्याला दोन यूएसबी हार्ड डिस्क आलटून-पालटून लागतात. एक बॅकअपची: ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायची पद्धत), त्याखाली लक्स हे लिनक्सचं एन्क्रिप्शन. दुसरी फोटो-व्हिडिओंची, एक्सफॅट, कारण ती विंडोज आणि मॅकवरही फिरते. काम एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने जोडून, चालतं, त्यामुळे सगळं कमांडनेच करायचं.

माउंटबद्दल थोडक्यात. स्क्रिप्टमध्ये एसडीबी1 असं डिव्हाइसचं नाव कधीही लिहू नका. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या दुसरी आधी लावली की एसडीसी होते. यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) वापरा, ईएक्सटी4 चा लांबलचक 36 अक्षरांचा असतो, एक्सफॅटचा आठ अक्षरी आणि मध्ये एक आडवी रेघ. एक खोच आहे: डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर काढली असेल तर दोघींचा यूयूआयडी एकच असतो. दोन्ही एकदम लावल्या तर कोणती माउंट होईल याचा भरवसा नाही. प्रतीचा यूयूआयडी बदलून घ्यावा.

मग एफस्टॅबमध्येच (कोणती डिस्क कुठे माउंट करायची याची सिस्टिमची यादी) एक ओळ का टाकू नये? टाकता येते, पण नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय लिहायला विसरलात आणि मशीन सुरू होताना डिस्क लावलेली नसली, तर सिस्टिमडी (लिनक्स सुरू करून सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) 90 सेकंद वाट पाहतं आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं. मॉनिटर नसलेल्या मशीनवर इमर्जन्सी मोड म्हणजे कीबोर्ड-मॉनिटर शोधत फिरणं. नोफेल आणि नोऑटो (आपोआप माउंट करू नको) दोन्ही लिहून एफस्टॅबमध्ये फक्त माहिती ठेवायची आणि माउंटचा हुकूम स्क्रिप्टने द्यायचा, ही व्यवस्था मला सगळ्यांत पटली.

डिस्क लावताच सगळं आपोआप व्हावं म्हणून यूडेव्हच्या (डिव्हाइस लागलं-निघालं ते पाहणाऱ्या भागाच्या) नियमातच माउंट कमांड लिहायचा मोह होतो. सिस्टिमडीच्या काळात ते चालत नाही. यूडेव्ह स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये (माउंटच्या स्वतंत्र यादीत) काम करतं, त्यामुळे तिथे केलेलं माउंट बाकीच्या सिस्टिमला दिसतच नाही, आणि नियमातून सुरू केलेली जास्त वेळ चालणारी प्रोसेस ते मारूनही टाकतं. कमांड चालली, चूक काही आली नाही, तरी फोल्डर रिकामा, असं दिसलं की कारण बहुधा हेच. नियमातून फक्त एक सिस्टिमडी सर्व्हिस जागी करायची आणि माउंट तिच्यावर सोपवायचं, हा सरळ मार्ग.

आता एक तपासणी, जी प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टच्या माथ्यावर असायलाच हवी. डिस्क माउंट नसली तरी माउंट पॉइंटचा फोल्डर जागेवर असतोच. आरसिंकला (फाइल कॉपी करणाऱ्या कमांडला) त्याचं काही देणंघेणं नाही. ते त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य डिस्कवर, सगळं ओतत बसतं. जागा संपते, लॉग लिहिणं थांबतं आणि भलतंच काहीतरी बंद पडतं. माउंटपॉइंट नावाची छोटी कमांड हे एका ओळीत तपासते. शिवाय डिस्क नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने इम्युटेबल (न बदलता येणारं) करून ठेवलंय. मग रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या युजरलाही) त्यात लिहिता येत नाही, आणि डिस्क माउंट झाली की तिच्यावर या बंधनाचा काही परिणाम होत नाही. हा उपाय मला फार आवडतो, कारण तो स्क्रिप्टच्या शहाणपणावर अवलंबून नाही.

अनमाउंटकडे येऊ. कॉपी 100 टक्के झाली असं दिसतं तेव्हा बराच डेटा अजून रॅममध्येच असतो. लिनक्स आधी मेमरीत लिहून घेतं आणि डिस्ककडे सवडीने पाठवतं. मूळ सेटिंगनुसार असा न लिहिलेला डेटा उपलब्ध मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंत साठू शकतो. 16 जीबी रॅमच्या मशीनवर ते दोन-तीन जीबी सहज होतात, आणि फिरत्या हार्ड डिस्कला तेवढं लिहायला चांगलाच वेळ लागतो. म्हणून अनमाउंट कमांड अडकल्यासारखी वाटते तेव्हा ती अडकलेली नसते, काम करत असते. उमाउंट (अनमाउंटची कमांड) हा साठा स्वतःच रिकामा करतं, त्याआधी सिंक ही साठा रिकामा करणारी कमांड चालवणं गरजेचं नाही. तरी मी ते ठेवलंय, आणि ते चालू असताना स्क्रिप्ट प्रोक-मेमइन्फो या मेमरीची माहिती देणाऱ्या फाइलमधला डर्टीचा, म्हणजे न लिहिलेल्या डेटाचा, आकडा दर सेकंदाला छापते. आकडा उतरताना दिसला की धीर धरवतो.

पुढचा अडथळा म्हणजे टार्गेट इज बिझी, डिस्क वापरात आहे असं सांगणारी चूक. सरळ कारणं एलएसओएफ किंवा फ्यूजर (डिस्क कोणत्या प्रोसेसने धरलीय ते सांगणारी कमांड) दाखवतं: कुठल्यातरी टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरमध्ये उभी असलेली शेल, अर्धवट थांबवलेला व्हिडिओ, फाइल इंडेक्सर. डोकं खाणारी कारणं ती, जी यात दिसतच नाहीत. एनएफएसने (नेटवर्कवरून) शेअर केलेला फोल्डर कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः धरून ठेवतो, त्यामुळे प्रोसेसच्या यादीत कुणीच नसतं. डिस्कवरची आयएसओ फाइल (सीडी-डीव्हीडीची प्रत) लूपने, म्हणजे तीच एक डिस्क असल्यासारखी, माउंट केली असेल तरी तसंच. कंटेनरची (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोग्रॅमची) तर वेगळीच तऱ्हा. डिस्क माउंट असताना सुरू झालेल्या कंटेनरकडे त्या माउंटची स्वतःची प्रत असू शकते. बाहेर अनमाउंट झालं असं दिसतं, आत ती डिस्क जिवंतच. माझी स्क्रिप्ट आता एनएफएस शेअर आधी काढते, ठरावीक कंटेनर थांबवते आणि मगच अनमाउंटला हात घालते. ओळी वाढल्या त्या इथे.

बिझीवर दोन झटपट उपाय सगळीकडे सुचवले जातात, आणि दोन्ही मी स्क्रिप्टमध्ये येऊ दिलेले नाहीत. पहिला, फ्यूजरने धरणाऱ्या सगळ्या प्रोसेस मारणं. त्या यादीत तुमची स्वतःची एसएसएचची शेलही असू शकते, आणि अर्धवट लिहीत असलेला बॅकअपही. दुसरा उपाय लेझी अनमाउंट, तो जास्त घातक, कारण तो यशस्वी झाल्यासारखा दिसतो. फोल्डर लगेच गायब होतो, कमांड शून्य परत करते, पण फाइल सिस्टिम शेवटची फाइल बंद होईपर्यंत चालूच राहते. तेवढ्यात केबल ओढली की झालं. दाराला बाहेरून कडी लावून आत कुणी नाही असं म्हणण्यातला प्रकार. माझी स्क्रिप्ट थोडं थांबते, पुन्हा प्रयत्न करते, नाहीच जमलं तर कोण धरून बसलंय ते छापते आणि नकार देऊन बाहेर पडते. सुरुवातीला हा नकार जाचक वाटायचा. आता तोच आला की मी बिनधास्त असते.

लक्सचा एक अनपेक्षित फायदा इथे कळला. अनमाउंटनंतर क्रिप्टसेटअप या लक्सच्या कमांडने कुलूप लावताना डिस्क कुठेही, अगदी कंटेनरच्या प्रतीतही, वापरात असेल तर ते साफ नाही म्हणतं. म्हणजे एन्क्रिप्शन घेतलं गोपनीयतेसाठी, आणि अनमाउंट खरंच झालं की नाही याची दुसरी तपासणी फुकट मिळाली. एक्सफॅटच्या डिस्कला ही सोय नाही, वर तिला जर्नलही (बदलांची आधी ठेवलेली नोंद) नाही, म्हणून तिच्या बाबतीत मी जास्त कडक आहे.

शेवटची पायरी पॉवर-ऑफ, आणि ती बरेच जण गाळतात. अनमाउंट झालं तरी हार्ड डिस्क फिरतच असते. तशीच केबल काढली तर हेड आणीबाणीने मागे खेचावं लागतं; डिस्क त्यासाठी फिरत्या तबकड्यांचीच ऊर्जा वापरते. ते जमतं, पण नेहमीच्या पार्किंगपेक्षा हिसक्याने. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या) नोंदीत बऱ्याच डिस्कवर 192 क्रमांकाला हाच हिशेब असतो, पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट. स्क्रिप्टमध्ये यूडिस्क्स या डिस्क सांभाळणाऱ्या सर्व्हिसचा पॉवर-ऑफ जोडल्यापासून माझ्या बॅकअप डिस्कवरचा हा आकडा जवळपास जागचा हललेला नाही. दुसऱ्या डिस्कबद्दल सांगता येत नाही, तिच्या केसमधली ब्रिज चिप (डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारी) स्मार्टची माहिती पुढे येऊच देत नाही.

एसएसएचवरून यूडिस्क्स वापरताना पोलकिट (परवानग्या तपासणारी व्यवस्था) पासवर्ड मागतं, कारण त्याच्या लेखी तुम्ही मशीनसमोर बसलेले नसता. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालवायचं तर त्याचा नियम वेगळा लिहावा लागतो, किंवा सरळ रूटची सर्व्हिस करावी. मी सर्व्हिस केली.

विंडोजवर हेच मी माउंटव्हॉलने करून पाहिलंय, मॅकवर डिस्कयुटिलने. मॅकचं सर्वांत सुटसुटीत. एक इजेक्ट कमांड अनमाउंट आणि पुढचं सगळं करते, फक्त स्पॉटलाइट (मॅकची शोधाची सोय) डिस्क धरून बसतं तेव्हा थांबावं लागतं. विंडोज 10 ने 1809 आवृत्तीपासून क्विक रिमूव्हल (डेटा मेमरीत साठवून न ठेवणं) हे मूळ धोरण केलं, त्यामुळे तिथे रॅममध्ये डेटा अडकायचा धोका कमी, पण कॉपी चालू असताना केबल ओढायची परवानगी असा त्याचा अर्थ नाही.

दोन डिस्क बसणारी केस घेणार असाल तर एक बघून घ्या. यूडिस्क्सचा पॉवर-ऑफ यूएसबी डिव्हाइस पोर्टवरच बंद करतो, त्यामुळे एका डिस्कला निरोप दिला की त्याच केसमधली दुसरीही जाऊ शकते. अशा केससाठी स्क्रिप्टने आधी दोन्ही अनमाउंट झाल्यात का ते पाहायला हवं. माझ्या डिस्क वेगवेगळ्या केबलवर आहेत, म्हणून तेवढा भाग मी अजून लिहिलेला नाही.